मित्रांसोबत मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की मुंबईत राहणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, कुठून तरी कॉलेजचा जुना ग्रुप निघालेला असतो आणि मुंबईत राहणाऱ्या एकुलत्या एक ओळखीच्या माणसाला सगळे प्रश्न विचारले जातात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बघण्यासारख्या ठिकाणांची यादी कुठेही मिळते, म्हणून इथे भर वेळ आणि दिशा यांवर आहे. मुंबईत दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या वेळी चुकीच्या बाजूला निघाल्यामुळे.

किती दिवस काढायला हवेत? कोणते वार धरायचे?

तीन दिवस, दोन रात्री. दोन दिवसांत धावपळ होते आणि चौथ्या दिवशी ग्रुपमधले निम्मे लोक थकलेले असतात.

वार मात्र विचार करून धरा. सोमवारी घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. बुधवारी भायखळ्याची राणीबाग आणि तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. शुक्रवार, शनिवार, रविवार असा बेत केला तर सगळं उघडं मिळतं. रविवारी सकाळी फोर्ट भागात रहदारी फार कमी असते, इमारती मान वर करून निवांत बघता येतात. पण रविवारीच रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. रुळांच्या आणि तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत काही मार्गांवरच्या गाड्या बंद राहतात किंवा वळवल्या जातात. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारीच जाहीर होतं. रविवारचा बेत पक्का करण्याआधी ते बघाच.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबरमध्ये ऊन आणि दमट हवा मिळून जीव नकोसा होतो, एप्रिल-मेमध्ये दुपारचं फिरणं जवळजवळ अशक्य.

पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. पावसाळ्यातली मुंबई मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आदळणाऱ्या लाटा बघायला त्याच दिवसांत यावं. पण पहिल्यांदाच येणाऱ्या ग्रुपला मी जुलैचा सल्ला देणार नाही. बोटी बंद, लोकल कधी ठप्प होईल सांगता येत नाही, आणि तीन दिवसांतले दोन खोलीत जाऊ शकतात.

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला देशभरातून लाखो माणसं येतात. त्यासाठीच येत असाल तर प्रश्नच नाही. नुसतं फिरायला येत असाल तर ५ ते ७ डिसेंबरला दादरमध्ये खोली धरू नका, त्या दिवसांत ती जागा त्या लोकांना लागते.

ग्रुप किती जणांचा असावा?

चार किंवा सहा. काळी-पिवळी टॅक्सी चौघांना घेते, रिक्षा तिघांना. चारजण एका टॅक्सीत बसतात, सहाजण दोन रिक्षांत. पाच आणि सात हे आकडे प्रत्येक वेळी कुणाला तरी एकटं पाडतात. रेल्वेच्या आरक्षित तिकिटावरही एका वेळी सहाच नावं घालता येतात, तत्काळमध्ये चार. आठ-दहा जण येणार असाल तर सुरुवातीलाच दोन तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीत मुंबईची थोडी तरी माहिती असलेला एकजण ठेवा.

मुंबईत यायचं कसं?

शक्य असेल तर रेल्वेने. पुण्याहून डेक्कन क्वीन (ती १ जून १९३० पासून धावते आहे), प्रगती, सिंहगड, इंद्रायणी, नाशिकहून पंचवटी, कोल्हापूरहून महालक्ष्मी, नागपूरहून विदर्भ आणि दुरांतो, कोकणातून कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवार जोडून सुट्टी असेल तर आरक्षण उघडेल त्याच दिवशी सकाळी तिकीट काढा, कारण ग्रुपला एका डब्यात जागा मिळणं पुढे अवघड होत जातं.

स्वतःची गाडी आणायचा मोह टाळा. पुण्याकडून येणाऱ्यांना अटल सेतूमुळे शिवडीपर्यंत झपाट्याने पोचता येतं हे खरं, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला तो पूल २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यावरून येणं हाही एक अनुभव आहे. पण पुढे दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात दिवसातले दोन तास जातात. बाइकवर येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि कोस्टल रोड, तिन्हीवर दुचाकींना बंदी आहे.

राहायचं कुठे?

दादर. इथे पश्चिम आणि मध्य रेल्वे एकत्र येतात. दादरहून चर्चगेट किंवा सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) वीस-पंचवीस मिनिटांवर, बोरिवली आणि ठाणे पाऊण तासाच्या आत. सकाळी उठून कोणत्याही बाजूला निघता येतं आणि रात्री उशीर झाला तरी परतणं सोपं. शिवाय दोन्ही वेळचं मराठी जेवण पायी अंतरावर.

पैसे थोडे जास्त घालायची तयारी असेल तर फोर्ट किंवा कुलाबा. तिथे राहिलात तर पहाटेचं गेटवे आणि रात्रीचं मरीन ड्राइव्ह चालत होतं. नवी मुंबई किंवा ठाण्यात खोली स्वस्त पडते, पण तीन दिवसांच्या सहलीत रोजचे अडीच-तीन तास प्रवासात घालवणं परवडत नाही. ओळखीच्या घरी सहाजणांनी उतरायचा विचार असेल तर आधी त्या घराचा आकार विचारा. मुंबईकर नाही म्हणणार नाहीत, पण वन रूम किचनमध्ये सहा पाहुणे म्हणजे त्या घराचे तीन दिवस तुमच्या सहलीत जातात.

खोली धरताना सगळ्यांचं ओळखपत्र लागतं. मुलंमुली एकत्र येणार असाल तर फोन करून आधीच स्पष्ट बोलून घ्या, दारात वाद नको.

लोकलची भीती वाटते. जमेल का?

जमेल, फक्त चार गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट दिशा. सकाळी आठ ते अकरा अख्खी मुंबई दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ ती उत्तरेला परतते. तुम्ही उलट्या दिशेला गेलात तर गर्दी निम्म्याहून कमी. राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर दादरहून बोरिवलीकडे सकाळी आठला निघा, बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. फोर्टला जायचं असेल तर सकाळी सातच्या आधी किंवा अकरानंतर. एवढं एक पाळलंत तर लोकलची निम्मी भीती संपते.

दुसरी गोष्ट इंडिकेटर. त्यावर गाडी कुठपर्यंत जाणार, किती वाजता, स्लो की फास्ट आणि किती डब्यांची हे दिसतं. स्लो सगळीकडे थांबते, फास्ट मोठ्या स्टेशनांवर. दादरहून बोरिवलीला जायला विरार फास्ट पकडू नका. विरारला जाणारे लोक ती गाडी धरतात कारण त्यांच्यासाठी गाड्या कमी आहेत. बोरिवलीला उतरताना दाराशी पोचणंही कठीण होतं, आणि त्यांची जागा अडवणं बरंही नाही. बोरिवली गाडीच धरा. दादरला प्लॅटफॉर्मचे आकडे आता सलग आहेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४, त्यामुळे पूर्वीचा गोंधळ राहिलेला नाही.

तिसरी गोष्ट उतरणं. चढणं सोपं आहे, गर्दी चढवते. उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला विचारा, ‘दादर उतरणार का?’ तो उतरणार असेल तर त्याच्या मागे उभे राहा, नसेल तर तो तुम्हाला पुढे घेतो. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हेही विचारा, कुणीही सांगतं. सॅक पाठीवरून काढून छातीशी किंवा वर रॅकवर. दारात लटकायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. खांबाला डोकं आपटून माणसं गेली आहेत.

चौथी गोष्ट ग्रुपसाठी सगळ्यात महत्त्वाची. सहापैकी दोघं चढले आणि चौघं खाली राहिले असं हमखास होतं. तेव्हा कुणीही चालत्या गाडीतून उडी मारायची नाही आणि चालत्या गाडीमागे धावायचंही नाही. आधीच ठरवून ठेवा: जे पुढे गेले ते ठरलेल्या स्टेशनवर उतरून त्याच प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरखाली थांबतील, मागचे पुढच्या गाडीने येतील. गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने असतात. त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचं तिकीट हवं आणि उतरायचं स्टेशन प्रत्येकाला पाठ हवं.

तिकीट खिडकीवर, स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रावर किंवा रेल्वेच्या मोबाइल अॅपवर मिळतं. दिवसभर चढउतार असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट काढा. सेकंडच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये चढू नका. डबे शेजारी असतात आणि घाईत चूक होते, दंड बसतो. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं.

मेट्रो, बस, टॅक्सी, रिक्षा, काय कधी?

‘मेट्रो ३’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), धारावी, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, सगळं एका मार्गावर. उन्हाळ्यात आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी लोकलपेक्षा हीच धरा.

रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत. पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि मध्य बाजूला सायनपर्यंतच. त्याच्या खाली टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जास्त. मीटरनेच चला. मुंबईत मीटरने जाणं हीच रीत आहे आणि बहुतेक चालक ती पाळतात. स्टेशन किंवा गेटवेच्या दारातच कुणी ठरावीक आकडा सांगू लागला तर शंभर पावलं पुढे जाऊन दुसरी टॅक्सी घ्या.

बेस्टची बस खिडकीतून शहर बघायला फार चांगली. दुपारी रस्ते मोकळे असताना घ्या.

पहिल्यांदाच येतोय. एका दिवसात काय काय बघता येईल?

एका दिवसात एकच बाजू. जुहू, गेटवे आणि राष्ट्रीय उद्यान एका दिवसात घालणारे बेत मी बघितले आहेत. त्यात माणसं मुंबई बघत नाहीत, टॅक्सीच्या काचेतून दुसऱ्या टॅक्सीच्या काचा बघतात.

पहिला दिवस दक्षिण मुंबईला द्या आणि तो पायी करा. सूर्य उगवताना गेटवे ऑफ इंडियावर उभे राहा, कारण ते बंदराकडे, पूर्वेला तोंड करून आहे. १९११ साली पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून ते बांधायला घेतलं आणि १९२४ मध्ये पुरं झालं. त्याच्याही आधी उठता आलं तर कुलाब्याच्या ससून डॉकला पहाटे पाचला जा. १८७५ सालची ही गोदी, बोटीतून मासळी उतरते आणि कोळणी तिचा लिलाव सुरू करतात. तिथे माणसं कामात असतात, वाट अडवू नका, फोटोची परवानगी आधी विचारा, आणि चपला अशा घाला की भिजल्या तरी चालतील.

तिथून काळा घोडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला निदान दोन तास द्या. ग्रुपमध्ये ‘म्युझियम नको’ म्हणणारा एकजण असतोच. त्याला बाहेरच्या बागेत बसू द्या, पण बाकीच्यांनी सोडू नका. पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे गेले त्यांचं स्मारक इथे आहे, मुंबई महाराष्ट्रात आहे ती त्यांच्यामुळे. दोन मिनिटं थांबून मग हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. ती इमारत १८३३ सालची.

दुपारी जेवून ओव्हल मैदानात या. मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेला बघा: मुंबई विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, एकोणिसाव्या शतकातलं टोकदार कमानींचं गॉथिक दगडी काम. आता पाठ फिरवून पश्चिमेला बघा: १९३० च्या आसपासच्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. मधे फक्त एक क्रिकेटचं मैदान. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. तिकीट नाही, रांग नाही, आणि मुंबईत येऊन बहुतेक ग्रुप इथे फिरकतच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मावळतीला मरीन ड्राइव्ह गाठा. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सव्वासातला. नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे चालत या, दिवे लागत जातात तसा वळणावरचा राणीचा हार समोर दिसत राहतो. रात्री परतताना सीएसएमटीच्या समोरच्या फुटपाथवरून ती इमारत रोषणाईत बघा. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी याच जागेजवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला निघाली होती.

भरती-ओहोटी बघून बेत करावा लागतो का?

हो, आणि हेच बाहेरून येणारे सगळ्यात जास्त विसरतात. मुंबईत समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. सकाळी जिथे वाळू होती तिथे दुपारी पाणी असतं.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी, नऊ-सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास, पौर्णिमेला अकरा-बाराच्या. रोज ती पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते. नेमकी वेळ वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळते, पण हा हिशेब कॅलेंडर हातात घेऊन तारखा ठरवताना फार उपयोगी पडतो.

त्याचा उपयोग असा. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून पौर्णिमेच्या दिवशी तिथे दुपारी बाराला जाऊ नका, सकाळी आठच्या आत किंवा चार वाजल्यानंतर जा. जुहूला मावळतीला लांबरुंद ओली वाळू हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येचे दिवस उत्तम, कारण संध्याकाळी ओहोटी असते. वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीत खडक उघडे पडतात आणि माणसं फोटोसाठी पुढे जातात. पाणी मागून येतं. त्या खडकांवर लाटेने ओढून नेलेल्या माणसांच्या बातम्या वाचलेल्या आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो: रस्त्याच्या बाजूलाच उभे राहा.

समुद्रात पोहता येईल का?

नाही. पाय भिजवा. मालाडच्या आक्सा किनाऱ्यावर ओढ फसवी आहे आणि तिथे बुडणाऱ्यांत बाहेरून आलेले तरुण ग्रुप बरेच असतात. पावसाळ्यात तर घोट्याच्या वर पाणी येईल इतकंही आत जायचं नाही, आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर यायचं. ग्रुपमध्ये कुणी प्यायलेला असेल तर त्याला किनाऱ्यावर नेऊच नका.

घारापुरी की कान्हेरी?

वेळ एकाच दिवसाचा असेल तर हा निर्णय कठीण आहे. घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो, आणि जाण्यातली अर्धी मजा त्या तासात आहे. लेण्यातली सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती समोर आली की बोलणारा ग्रुपही गप्प होतो. सकाळी नऊच्या पहिल्या बोटींनी निघा, दुपारी दोनपर्यंत परत. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि शेवटपर्यंत अंगावर ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या बोटीला अपघात होऊन माणसं गेली आहेत. वर चढायला पायऱ्या आहेत, हातातलं खाणं माकडं नेतात.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या जंगलात, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांसकट. बोटीत मळमळ होणारे कुणी असतील किंवा चालायची आवड असणारा ग्रुप असेल तर कान्हेरी. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, तिथल्या कातळावरून पाणी वाहत असतं. मी त्या दिवसांत कान्हेरीच निवडेन.

खायचं कुठे?

वडापाव दादर स्टेशनच्या बाहेर १९६० च्या दशकात सुरू झाला असं सांगतात, तेव्हा पहिला तिथेच खा. ‘सगळ्यात चांगला वडापाव कुठला’ यावर मुंबईकरांचं कधीच एकमत होणार नाही; जिथे कढईतून वडे निघताहेत आणि लोक उभे आहेत तिथला घ्या.

मराठी खाण्यासाठी दादर. मामा काणे यांच्याकडचा बटाटावडा, प्रकाशमधला साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादची मिसळ. माशासाठी चैतन्य, सिंधुदुर्ग अशा मालवणी जागा. सहाजण असाल तर प्रत्येकी थाळी मागवू नका. तीन थाळ्या, एक बोंबील फ्राय, एक तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि जादा भाकऱ्या घ्या, सगळ्यांना सगळं मिळतं. बुधवार, शुक्रवार, रविवारी या जागांवर दुपारी रांग असते, बारा वाजताच पोचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात ‘ताजा पापलेट’ म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

धोबीतलावला कयानी हे १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे, ब्रून मस्का आणि चहा घ्या, मावा केक संपायच्या आत जा. माटुंग्याला सकाळच्या नाश्त्याला राम आश्रय किंवा कॅफे मद्रास. रमजान चालू असेल तर संध्याकाळी मिनारा मशिदीच्या गल्लीत जा. गर्दी प्रचंड, पण माणसं पाहुण्यांना सांभाळून घेतात. गरम मालपुवा चौघांत एक पुरतो.

पाणी बाटलीतलं. चौपाटीवर भेळ, पाणीपुरी खायला हरकत नाही, पण बर्फाचा गोळा पोट नाजूक असणाऱ्यांनी सोडावा.

सगळ्यांनी सतत एकत्रच फिरायचं का?

नको. कुणाला लिंकिंग रोडला खरेदी करायची असते, कुणाला लेणी बघायची असतात, आणि सहा जणांनी एका दुकानाबाहेर उभं राहण्यात मैत्रीची कसोटी लागते. सकाळ आणि रात्र एकत्र, दुपार मोकळी अशी वाटणी बरी चालते. भेटायची जागा मात्र नेमकी ठरवा. ‘चर्चगेटला भेटू’ एवढं पुरत नाही, ‘चर्चगेट स्टेशनच्या आत, मुख्य इंडिकेटरखाली, साडेपाच’ असं ठरवा. स्टेशनवर गर्दीत फोन लागत नाही किंवा ऐकू येत नाही, बॅटरी संपते. एकाने तरी पॉवर बँक बाळगावी.

खर्च कसा वाटायचा?

निघतानाच सगळ्यांची सारखी काँट्री काढा आणि एकाच्या हातात द्या. तिकिटं, टॅक्सी, खाणं त्यातून. खरेदी ज्याची त्याने. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जवळ असू द्या. ग्रुपमधल्या कुणाचा हात आखडता असेल तर ते त्याने बोलून दाखवायची वाट बघू नका; खोली धरण्याआधी माणशी आकडा सगळ्यांसमोर मांडा आणि सगळ्यात कमी बजेट असलेल्याला झेपेल तोच बेत ठरवा. पैशांवरून मागे राहिलेला मित्र पुढच्या सहलीलाही येत नाही.

आम्ही फक्त मुलीच येणार आहोत. रात्री फिरणं सुरक्षित आहे का?

इतर अनेक शहरांपेक्षा मुंबईत बायका रात्री उशिरापर्यंत एकट्या प्रवास करतात, आणि ते इथे कुणाला वावगं वाटत नाही. मरीन ड्राइव्हला रात्री अकरालाही कुटुंबं बसलेली असतात. लोकलमध्ये लेडीज डबा धरा. रात्री उशिरा लेडीज डब्यात पोलीस असतात, तो डबा बघून चढा. लेडीज डब्यातल्या बायका जागा, स्टेशन, बाजारभाव, सगळं सांगतात. अडचण आली तर ११२, रेल्वेत १३९.

निर्जन किनारे, किल्ल्यांचे कोपरे आणि रात्रीचे रिकामे स्कायवॉक टाळा. हे मुलांच्या ग्रुपलाही लागू आहे.

संध्याकाळी चौपाटी सोडून काय करता येईल?

नाटक बघा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, शनिवार-रविवारी यांपैकी कुठे ना कुठे चांगला प्रयोग असतोच. लहान गावांत दौऱ्याचे प्रयोग क्वचित येतात, म्हणून बाहेरून येणाऱ्या मराठी ग्रुपने ही संधी सोडू नये. मध्यंतरातला बटाटावडा आणि नंतर दादरच्या फुटपाथवर नाटकावरून झालेली भांडणं यात रात्र छान जाते.

बारमध्ये जाणार असाल तर महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं वयाची अट आहे. समुद्रकिनारी, रस्त्यावर पिणं गुन्हा आहे.

नट-नट्यांचे बंगले बघायचे आहेत.

वांद्र्याला जाताच आहात तर जाता जाता बघा. बंद फाटकासमोर तास घालवण्यापेक्षा पुढे वांद्रे किल्ल्यावर जा, तिथून सागरी सेतू पुरता दिसतो.

गणपतीत यावं का?

यावं, पण फक्त गणपतीसाठी. त्या दहा दिवसांत बाकी मुंबई फिरणं होत नाही. लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत अख्खा दिवस जाऊ शकतो, मुखदर्शनाची रांग त्यामानाने लवकर सरकते. माझा आग्रह गिरगावसाठी आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, मूर्ती लहान, सजावट साधी, आणि चाळीतली माणसं आवर्जून बोलतात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर विसर्जन बघायचं असेल तर चर्नी रोडला दुपारीच पोचा, प्रत्येकाच्या खिशात खोलीचा पत्ता लिहून ठेवा. त्या रात्री जादा लोकल सोडतात.

अचानक मुसळधार पाऊस आला आणि लोकल बंद पडली तर?

जिथे आहात तिथेच थांबा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशी जीव गेले त्यांत पाण्यातून घरी निघालेले बरेच होते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, भरती उतरली की दोन-तीन तासांत ते ओसरू लागतं. तोवर स्टेशन, हॉटेल, देऊळ, कुठेही आसरा घ्या. तुंबलेल्या पाण्यातून चालू नका, खाली उघडं मॅनहोल असू शकतं. रुळांवरून तर नाहीच.

अलिबाग जोडता येईल का?

चौथा दिवस असेल तरच. गेटवेहून मांडव्याला बोट जाते, पुढे बस. गाडी घेऊन जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी सोडायची आणि गाडी रात्रीची. सामानाचं काय?

हॉटेलवाल्यांना विचारा, बहुतेक जण संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात. नाहीतर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, त्यामुळे साधी कुलपं घरूनच आणा. सामान घेऊन संध्याकाळी सहा ते नऊच्या लोकलमध्ये चढायची वेळ येऊ देऊ नका. तुमची गाडी दादरहून असेल तर सामान दादरलाच राहील असा बेत करा, आणि स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा. वाटेत भूक लागेल, म्हणून वडापाव दोन जादा बांधून घ्या.